दिवाळखोरीची धमकी आणि वेतनाचा करार

जळगावच्या विमानतळाचे उद्‌घाटन २३ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. परंतु नियमित प्रवासी विमान तेथे उतरावयास डिसेंबर २०१७ उजाडावा लागला. 'उडान' योजनेखाली एअर डेक्कनने सुरू केलेली ती मुंबई सेवा काही महिन्यांतच थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली; फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीची सगळीच उड्डाणे बंद पडली आणि कर्मचाऱ्यांचे वेतन थकल्याच्या तक्रारी जाहीर झाल्या. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर यांनी जळगावला पुन्हा मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद यांच्याशी जोडले. प्रत्येक वेळी सेवा बंद पडली तेव्हा खानदेशात चर्चा झाली ती प्रवाशांच्या गैरसोयीची. ती स्वाभाविक होती. परंतु विमान बंद पडते तेव्हा प्रवासी फार तर रेल्वेचे तिकीट काढतो. त्या विमानावर ज्यांचे पोट अवलंबून असते त्यांचे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

वस्तुतः हा प्रश्न धुळे-जळगावला परका असू नये. धुळ्याजवळच्या गोंदूर येथील धावपट्टीवर आणि शिरपूर येथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. लाखो रुपयांचे कर्ज काढून मुले या विद्येकडे वळतात. ज्या व्यवसायात ती शिरतात त्याचा गेल्या दहा-पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला तर किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट अशी तीन मोठी प्रेते रस्त्यात पडलेली दिसतात. तिन्ही ठिकाणी शेवटच्या महिन्यांत वेतन थकले वा लांबले, आणि 'थोडी कळ सोसा, नाहीतर कंपनीच राहणार नाही' असे कर्मचाऱ्यांना सांगितले गेले.

जेट एअरवेजचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. कारण ही कंपनी मुंबईची आणि तिचे सगळे प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपलेले आहे. १९९३ मध्ये तिची उड्डाणे सुरू झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना एका फटकाऱ्यात काढले आणि गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी परत घेतले. २००९ मध्ये वैमानिकांनी संघटना स्थापन केली म्हणून दोघांना बडतर्फ करण्यात आले. त्यावर सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले आणि पाच दिवस कंपनी जवळजवळ ठप्प झाली. ही दोन प्रकरणे एकत्र वाचली पाहिजेत. पहिल्यात हवाई सेविका व जमिनीवरचे तरुण कर्मचारी रस्त्यावर आले होते, दुसऱ्यात वैमानिक. दोन्ही वेळा एकाच्या लढ्यात दुसऱ्याला स्थान नव्हते. या व्यवसायातील संघटना श्रेणीनिहाय विभागलेल्या राहिल्या. त्याची किंमत पुढे सर्वांनीच मोजली.

ऑगस्ट २०१८ मध्ये व्यवस्थापनाने वेतनकपातीचा प्रस्ताव मांडला. वैमानिकांनी तो नाकारला. मग कपात रीतसर झाली नाही. वेतन हप्त्याहप्त्याने, मागेपुढे मिळू लागले आणि जानेवारी २०१९ पासून वैमानिक, अभियंते व वरिष्ठ अधिकारी यांना काहीच मिळेनासे झाले. २५ मार्च २०१९ रोजी संस्थापक नरेश गोयल पायउतार झाले आणि बँकांनी १५०० कोटी रुपयांपर्यंत साहाय्याचे आश्वासन दिले. वैमानिकांच्या संघटनेने १ एप्रिलपासून विमाने न उडविण्याचा निर्णय घेतला होता. या आश्वासनावर विसंबून तो १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला आणि त्यानंतरही स्थगित केला. म्हणजे जो वर्ग चैनी व आडमुठा म्हणून ओळखला जातो, त्याने तीन महिने बिनपगारी विमाने उडविली. पैसे आले नाहीत. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचे विमान आले. सुमारे वीस हजार माणसे एका रात्रीत रिकामी झाली.

येथे कायद्याची एक विसंगती सांगितली पाहिजे. कापड गिरणी बंद करावयाची तर १९७६ पासून सरकारची परवानगी लागे. मालक ती टाळण्यासाठी वीजबिल थकवून गिरणी आपोआप बंद पाडीत, हा भाग निराळा. पण कागदावर तरी तरतूद होती. ती कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागू; विमान कंपनी या तिन्हींपैकी काहीच नाही. उलट, वैमानिकाने नोकरी सोडावयाची तर विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार कप्तानाने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. जाणाऱ्याला वर्षभर अडवून धरावयाचे आणि घालवणाऱ्याला एक रात्रही थांबवावयाचे नाही, असा हा न्याय आहे.

दिवाळे निघाल्यानंतरची गोष्ट याहून उद्‌बोधक आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनीचे भवितव्य ठरविणारी समिती धनकोंची, म्हणजे मुख्यतः बँकांची असते. कर्मचाऱ्यांचे येणे एकूण देण्याच्या दहा टक्क्यांहून कमी नसेल तर त्यांचा प्रतिनिधी तेथे बसू शकतो, पण मत देऊ शकत नाही. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन सुरक्षित धनकोंच्या बरोबरीने आणि इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे त्यानंतर, असा क्रम आहे. कामगाराला ही बरोबरी १९८५ च्या कंपनी कायद्याच्या दुरुस्तीने मिळाली. त्याआधी, डिसेंबर १९८२ मध्ये, कंपनी गुंडाळली जात असताना कामगाराला न्यायालयापुढे म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. मांडण्याचा हक्क मिळून चार दशके झाली. ठरविण्याचा मिळालेला नाही.

जेटच्या बाबतीत नव्या खरेदीदारांची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान पूर्ण द्यावे, यासाठी कर्मचाऱ्यांना अपील न्यायाधिकरणात जावे लागले. तेथे ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, सर्वोच्च न्यायालयाने तो जानेवारी २०२३ मध्ये कायम केला. तरीही विमान उडाले नाही. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे गेली. जळगावची खानदेश मिल ज्यांनी पाहिली आणि आज तिच्या जागेवरचे व्यापारी संकुल जे पाहतात, त्यांना ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही: मालमत्तेला नवे रूप लवकर सापडते, देण्याला सापडत नाही.

गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. ही कंपनी वाडिया घराण्याची, म्हणजे बाँबे डाइंगवाल्यांची. इंजिने नादुरुस्त असल्याचे कारण कंपनीने दिले आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. अशा अर्जाला भागधारकांचा ठराव लागतो. कर्मचाऱ्यांना विचारावे लागत नाही. परंतु या प्रकरणात एक गट फार लवकर सावध झाला, तो म्हणजे विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांचा. दिवाळखोरीच्या स्थगितीत त्यांची विमाने अडकली. त्यांनी ओरड करताच ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमाने स्थगितीतून वगळण्यात आली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या हिताचा स्वतंत्र कायदाच संसदेने केला. आंतरराष्ट्रीय कराराचे पालन करावयाचे तर हे योग्यच होते. भाडेकरारावरचा विश्वास उडाला तर विमानेच मिळणार नाहीत. प्रश्न एवढाच की ही तत्परता वेतनाच्या वाट्याला का येत नाही? इंधनाचा दर कंपनीच्या हातात नाही, भाडे डॉलरमध्ये ठरते आणि आता विमानही हवे तेव्हा परत नेता येते. तेव्हा अडचणीतल्या व्यवस्थापनाच्या हाती लवविता येण्याजोगा एकच खर्च उरतो, तो माणसांचा.

अमेरिकेने हा रोग आपल्याआधी भोगला. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रँक लोरेंझो यांनी काँटिनेंटल एअरलाइन्सचे दिवाळे जाहीर केले, संघटनांशी केलेले करार रद्द ठरविले आणि तीन दिवसांत निम्म्याच्या आसपास वेतनावर थोड्या कामगारांनिशी विमाने पुन्हा उडविली. १९८४ च्या आरंभी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, एका वेगळ्या खटल्यात, असे करार मोडण्यास बरीच मोकळीक दिली. त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा दुरुस्त केला: करार मोडण्यापूर्वी कंपनीने संघटनेपुढे रीतसर प्रस्ताव ठेवावा, आवश्यक हिशेब द्यावेत, प्रामाणिकपणे बोलणी करावीत आणि मगच न्यायालयाने परवानगी द्यावी. या कायद्याने अमेरिकी कामगार सुखी झाला असे नव्हे. पुढे युनायटेडसारख्या कंपन्यांनी याच दिवाळखोरीच्या छत्राखाली वेतने व निवृत्तिवेतने छाटली. तथापि, हिशेब दाखविल्याशिवाय दिवाळ्याची भीती दाखवावयाची नाही, एवढे बंधन तरी तेथे आले.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना आता सर्वच आस्थापनांत सक्तीची आहे, आणि निम्म्या वा अधिक कामगारांनी संगनमताने नैमित्तिक रजा घेतली तर तोही संप ठरेल. सामूहिक रजेचे जे हत्यार या व्यवसायात वारंवार उपसले गेले ते बोथट करण्याचा हा प्रयत्न उघड आहे. प्रवाशांच्या बाजूने पाहता त्यावर फार आक्षेप घेता येणार नाही. विमानतळावर मुलाबाळांसह अडकलेल्या माणसाला संपाचे तत्त्वज्ञान सांगून उपयोग नसतो. शिवाय एक्कावन्न टक्के सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार देण्याची तरतूद चांगली आहे. श्रेणीनिहाय विखुरलेल्या विमान कर्मचाऱ्यांना ती एकत्र यावयास भाग पाडू शकेल. मात्र या अधिकृत संघटनेने वाटाघाटीच्या मेजावर काय वाचावे? व्यवस्थापन म्हणते पैसे नाहीत. ते खरे की खोटे हे कळण्याचा मार्ग तिला नाही. बँकेला थकबाकीचा आकडा दर महिन्याला मिळतो, भाडे देणाऱ्याला विमान परत नेण्याचा हक्क मिळतो. ज्याचे दोन पगार थकले आहेत त्याला केवळ धीर धरण्याचा सल्ला मिळतो.

म्हणून संहितांच्या पुढच्या दुरुस्तीत दोन गोष्टी घालाव्या लागतील. वेतनकपातीचा प्रस्ताव आर्थिक संकटाच्या आधारे मांडला गेला, तर मान्यताप्राप्त संघटनेला तपासलेले हिशेब व देण्यांची यादी ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक असावे. आणि सलग दोन महिने वेतन वा भविष्यनिर्वाह निधीचा भरणा थकला की त्याची नोंद विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आपोआप जाऊन, कंपनीला नवी तिकिटे विकण्याची मुभा द्यावयाची की नाही याचा फेरविचार व्हावा. दुसऱ्या सूचनेला विमान कंपन्या कडाडून विरोध करतील, कारण तिकिटांच्या आगाऊ पैशांवरच त्यांचे शेवटचे महिने निघतात. जेटचे तिकीट काढून एप्रिल २०१९ मध्ये परताव्यासाठी रांगेत उभे राहिलेल्या प्रवाशांना मात्र ती सूचना समजावून सांगावी लागणार नाही.