दगडफूल पेरता येत नाही



काळ्या मसाल्यातले दगडफूल हे फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार. शेवाळ उन्हावर अन्न करते, बुरशी ओल धरते. मूळ नाही, पाऊस, धुके आणि हवा यांवरच पोट. सुकले की निपचित, भिजले की पुन्हा जिवंत. आपल्यासारखेच अस्सल कोरडवाहू!

हिमालयात आणि महाबळेश्वरसारख्या ओल्या सह्याद्रीत जुन्या झाडांच्या सालीवर त्याचे घर. वर्षाची वाढ जेमतेम काही मिलिमीटर. गंधकाचा धूर सोसत नाही, म्हणून शहरी रस्त्यांवर नाजूक जाती टिकत नाहीत. ज्यांचे ‘एमएसीएस’ सोयाबीन आपल्यापैकी अनेकजण पेरतात, त्या पुण्याच्या आघारकर संस्थेत या जातकुळीचे नमुने जपले आहेत. पण कपाटात नमुना टिकतो. जात टिकते ती उभ्या झाडावर.

दगडफूल जंगलातूनच येते. पडत्या भावात पोटासाठी अख्खी साल खरवडली जाते. तिथे कायद्याचा धाक काय कामाचा? आम्ही म्हणतो, गोळा करणाऱ्याला थोडे काढून बाकीचे राखणे परवडेल असा दाम द्या आणि जुने झाड राखणाऱ्याला मोबदला द्या. झाड पडल्यावर बियाणे मागायला जायचे कुठे?