शिवणी ते बेलोरा : सत्तर किलोमीटरचा हिशेब



अकोल्याचे शिवणी आणि अमरावतीचे बेलोरा ही दोन विमानतळे सरळ रेषेत मोजली तर अंतर भरते जेमतेम ७० किलोमीटर. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले. अमरावतीला मिळाले, मग अकोल्याला का नाही, हा सवाल त्यामुळे आणखी टोकदार झाला आहे. मानापमानाची गोष्ट असेल तर बोलणेच खुंटले. आपण आपला हिशेब मांडू.

बेलोऱ्याला सुरू झाले ते पंख्यांचे एटीआर विमान. उंचीवर गेले की ताशी सुमारे ५०० किलोमीटर पळते. त्या वेगाने शिवणी-बेलोरा म्हणजे आठ-नऊ मिनिटे! पण हा कागदावरचा हिशेब. चढण्यात आणि उतरण्यातच ७० किलोमीटर संपतात, पूर्ण वेग मिळतच नाही. बेलोरा ते मुंबई हवेतून सुमारे ५४० किलोमीटर. वेगाने भागले तर तासाच्या थोडे वर. पहिल्या वेळापत्रकात होते पावणेदोन तास. धावपट्टीपर्यंत सरपटणे, चढणे, मुंबईत उतरण्यासाठी ताटकळणे, सारे त्यात आले. तासभर आधीची हजेरी आणि गावापासूनची वाट त्यात नाही. ती वेळ प्रवाशाच्या खात्यावर.

मग शिवणीला विमान आले तर अकोलेकराचे वाचेल काय? बेलोऱ्यापर्यंतचा रस्ता, फार तर दोन तास. हा फायदा खोटा नाही. मुंबईच्या इस्पितळात पेशंट न्यायचा असेल तर दोन तास मोलाचेच.

पण किंमत बघा. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर, शिवणीची १४००. ती वाढवायची तर लागते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. कोरडवाहू कपाशी आणि ज्वारीचे वाण जिथे तपासले जातात, ते हे विद्यापीठ. मुंबईच्या प्रवाशाचे दोन तास मोजायला सगळे तयार. पावसाने दडी मारल्यावर तग धरणारा वाण एक वर्ष उशिरा आला, तर ते वर्ष कोण मोजतो?

रस्त्याचे म्हणाल तर याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले. गिनीज बुकात नोंद झाली. मनात आणले तर सरकारला घाई करता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. त्याच वाटेवर मूर्तिजापूर लागते. तिथून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, अशी शकुंतला धावायची. इंग्रजी अमलात कापसासाठी टाकलेला तो अरुंद रूळ. ती गाडी बंद पडली आहे; तिच्यासाठी १०५ तासांचा विक्रम करायला कुणी धावले नाही.

म्हणून आपली मागणी अशी असावी. विमानाच्या दिवशी, विमानाची वेळ धरून, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर आणि यवतमाळहून थेट बेलोऱ्याला एसटी सुटली पाहिजे. तिला ना धावपट्टी लागते, ना विद्यापीठाचे वावर. वर्षभर ती चालवा. किती माणसे चढतात ते तिकिटांवरून कळेल, आणि शिवणीचे बोलणे त्यानंतर करू. जिल्हा बैठकीत ठराव मांडताना ७० किलोमीटरचा आकडा आणि एसटीची मागणी दोन्ही लेखी द्यावीत, तोंडी नकोत.