मेट्रोचा करार आणि प्रवाशाचा खिसा

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचे भाडे ठरत असताना असल्फाच्या टेकडीवरून अंधेरीला घरकामाला जाणाऱ्या बाईला कुणी विचारले होते काय? प्रश्न भाबडा वाटेल. पण 2007 च्या करारातील हिशेबाने भाडे 9, 11 आणि 13 रुपये बसत होते. 8 जून 2014 रोजी गाडी सुरू झाली, तेव्हा कंपनीने 10 ते 40 रुपयांचे दर जाहीर केले. सरकार न्यायालयात गेले, पण दर रोखता आले नाहीत.

असे का झाले, हे वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. करार झाला 1886 च्या ट्रामवे कायद्याच्या आधाराने. पुढे हा मार्ग केंद्राच्या 2002 च्या मेट्रो कायद्याखाली आला. त्या कायद्याचे कलम 33 सुरुवातीचे भाडे ठरविण्याचा अधिकार मेट्रो चालविणाऱ्यालाच देते; भाडे निर्धारण समिती नंतरची! कायदा बदलताना करारातील भाडे पक्के बांधून घेणे हे सरकारी वकिलांचे काम होते. 2015 साली समितीने तर 110 रुपयांपर्यंत भाडे सुचवले. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले म्हणून बरे.

आता पैशाचे बघा. भागीदारीत एमएमआरडीएचा वाटा 26 टक्के. शिवाय 650 कोटींचे अनुदान सार्वजनिक तिजोरीतून. प्रकल्पाचा ठरलेला खर्च 2,356 कोटी. कंपनीने दावा केला 4,321 कोटींचा. लवाद बसला आणि 2023 मध्ये बहुमताने 992 कोटींचा निवाडा एमएमआरडीएच्या विरोधात गेला. त्याला आव्हान दिले, तर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने 1,169 कोटी जमा करायला सांगितले. मधल्या काळात, मार्च 2024 मध्ये, मंत्रिमंडळाने खासगी कंपनीचा 74 टक्के हिस्सा 4,000 कोटींना विकत घेण्याचे ठरवले आणि काही महिन्यांतच तो बेत गुंडाळला. नफा त्यांचा, जोखीम आपली, याला भागीदारी म्हणायचे?

मेट्रोला आमचा विरोध नाही. घाटकोपर ते वर्सोवा बसने किती वेळ जायचा, हे आमच्या लोकांइतके कुणाला ठाऊक असणार! आमचे म्हणणे एवढेच, की यापुढच्या प्रत्येक कराराचा मसुदा सहीपूर्वी विधिमंडळासमोर आला पाहिजे. भाडे, वाढीव खर्च आणि लवाद ही तीन कलमे मराठीत छापून लोकांच्या हाती दिली पाहिजेत, आणि भाडे निर्धारण समितीवर प्रवाशांचा एक माणूस असला पाहिजे.