भातखाऊ जावा चिमणी



भाताचा दाणा दुधात आला की खाचरावर मुनियांचा थवा उतरतो आणि घरातली पोरे डबा बडवीत बांधावर धावतात, हे तुम्हांला सांगायला नको. या मुनियेची एक थोराड बहीण इंडोनेशियात, जावा आणि बाली बेटांवर राहते. आज तिची ओळख करून घेऊ.

लोक तिला जावा चिमणी म्हणतात. पण ती चिमणी नव्हे, मुनियाच. लांबीला वीतभरही नाही. अंग राखी, पोट गुलाबी, डोके काळेभोर, गाल पांढरेशुभ्र. डोळ्याभोवती लाल कडे आणि चोच जाडजूड, लालगुलाबी. त्या चोचीत साळीचा दाणा धरून ती तूस अलगद सोडवते नि तांदूळ तेवढा गिळते. १७५८ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच 'भात खाणारी'!

घरटे झाडाच्या ढोलीत, नाहीतर घराच्या वळचणीला. अंडी चार ते सहा, पांढरी; ती नर-मादी दोघेही उबवतात. जोडी जमण्याआधी दोघे समोरासमोर उड्या मारून नाचतात. नर गाता गाता चोचीने टकटक असा ताल धरतो. गाणे तो बापाकडून शिकतो. आपल्याकडच्या भजनी घराण्यांतही हेच चालते की!

जावातल्या शेतकऱ्याला ही पाखरे नकोशीच होती. थवाच्या थवा भातावर पडला तर कोण सोसेल? पण रूप आणि गळा दोन्ही लाभल्याने पिंजऱ्यासाठी तिला परदेशातही गिऱ्हाईक मिळाले. खाल्लेल्या दाण्यांपेक्षा पाखराचेच मोल वाढले, आणि तिला खरा फास बसला तो तिथे. हजारोंनी पाखरे धरली गेली. एके काळी गावोगाव दिसणारी ही मुनिया आज धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. १९९७ पासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध आहेत. (आपल्याकडेही मुनिया धरणे वा विकणे हा गुन्हा आहे. आठवडी बाजारात कोणी पिंजरा पुढे केला तर घेऊ नका.)

गंमत अशी, की माणसाने नेलेल्या या पाखरांचे अमेरिकेच्या हवाई बेटांवर मोठे थवे झाले आहेत. तिथे ती हिरवळीवर गवताचे बी टिपत फिरतात. जावात मात्र ती थोड्याच ठिकाणी उरली आहे. त्यांपैकी एक म्हणजे प्रंबानन येथील शिव, विष्णू आणि ब्रह्मा यांची हजार वर्षांहून जुनी देवळे.