अर्ज म्हणजे आर्जव नव्हे

आमचा भाग अत्यंत मागास आहे, इथला समाज अशिक्षित आहे, आरोग्याची जाण नसल्यामुळे आजार जास्त आहेत, तरी आपण उदार मनाने साहाय्य करावे. अशा अर्थाची वाक्ये मी गेली काही वर्षे वाचत आले आहे. ती कुणा मुस्लिमद्वेष्ट्याने लिहिलेली नाहीत. आपल्याच मुलामुलींनी, आपल्याच वस्तीसाठी निधी मागताना, सहीशिक्क्यासह लिहिलेली आहेत. मोहल्ल्यातल्या लहान संस्थांचे अर्ज माझ्याकडे तपासायला येतात. विषय बहुतेक वेळा हवा, पाणी, कचरा आणि त्यातून होणारे आजार. पहिल्याच परिच्छेदात आपण आपल्या आईला अडाणी ठरवतो आणि मग तिच्या दम्याच्या नावाने पैसे मागतो. माझा राग या सवयीवर आहे.

गोवंडीचेच घ्या. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. मुंबईच्या रुग्णालयांतला जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्पही वर्षानुवर्षे इथेच चालला. आता सांगा, त्या डोंगराच्या सावलीत राहणाऱ्या बाईच्या पोराला धाप लागते ती ती निरक्षर आहे म्हणून? उद्या ती एमए झाली तर धूर तिच्या खिडकीवरून वळून जाईल? अर्जात ‘जागृतीचा अभाव’ हे कारण लिहिले की कचरा टाकणारा, जाळणारा आणि परवाना देणारा असे सगळे एका वाक्यात सुटतात. दोषी उरते ती श्वास घेणारी बाई. मग उपायही तसाच निघतो: जनजागृती शिबिर, बॅनर, नाश्त्याची पाकिटे, फोटो.

मित्रांनो, अनुदानाचा अर्ज हा नागरिकाने मांडलेला हिशेब आहे. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरले. सार्वजनिक आरोग्य आणि घनकचरा व्यवस्थापन हे विषय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत आहेत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत आरोग्य, स्वच्छता, पर्यावरण आहे. ही खैरात नाही. मग हात पसरण्याची भाषा कशासाठी?

‘आपलं नाव बघूनच फाइल बाजूला ठेवतात, मग लिहायचं कशाला?’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित म्हटलेही असेल. भेदभाव होतो, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये आपल्या स्थितीचे आकडे देशापुढे ठेवले, तेव्हापासून हा नुसता भावनेचा प्रश्न उरलेला नाही. पण कच्चा अर्ज हा भेदभाव करणाऱ्याच्या हाती दिलेला आयता बहाणा असतो. ‘माहिती अपुरी’ एवढा शेरा मारून तो मोकळा होतो, आणि तो शेरा खरा असतो. पक्का अर्ज नाकारायचा तर त्याला कारण शोधावे लागते, कदाचित लिहावे लागते, आणि लिहिलेल्या कारणाला उत्तर देता येते. सरकारी कार्यालय असेल तर माहितीच्या अधिकारात ते कारण मागताही येते. नाव बदलता येत नाही, बदलायचेही नाही. कागद पक्का करणे मात्र आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: ‘बाहेरच्यांपुढे कशाला जायचं? आपली जकात आहे, वर्गणी आहे.’ त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, जकातीने एखाद्याचे डायलिसिस होते, औषधे येतात, आणि ते व्हायलाच हवे. पण शहराच्या कचऱ्याचा धूर आवरण्याचे काम गरिबांच्या हक्काच्या पैशातून करायचे म्हणजे महापालिकेचे बिल आपणच भरण्यासारखे आहे. शिवाय आपण आजाऱ्याच्या बिलासाठी झोळी फिरवतो, पण तो आजारी कशाने पडला हे मोजायला एक रुपया काढत नाही.

आता पक्का अर्ज म्हणजे काय, ते पाहू. उदाहरण गोवंडीचे देते, कारण ते माझ्या ओळखीचे आहे. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा इथल्यांनी आपापल्या गल्ल्यांची नावे घालावीत.

पहिली गोष्ट, प्रश्न एकच आणि नेमका. ‘गोवंडीतील प्रदूषण’ हा प्रश्न नाही, तो मथळा आहे. ‘अमुक तीन गल्ल्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांना ऑक्टोबर ते फेब्रुवारीत खोकला आणि धाप किती वेळा होते, आणि रात्री जळणाऱ्या कचऱ्याशी त्याचा संबंध आहे का’ हा प्रश्न आहे. कोण, कुठे, कधीपासून, किती, एवढे चार शब्द पहिल्या पानावर आले की वाचणारा सरळ बसतो.

दुसरी गोष्ट, पुरावा आणि तुलना. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा २०१८ मधला अभ्यास बघा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या वसाहतींची त्यांनी तुलना केली. जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या, उजेड आणि वारा कमी, तिथे क्षयरोगाचे प्रमाण बरेच जास्त आढळले. ‘गरिबांना टीबी होतो’ हे सगळेच म्हणतात. इथे इमारतीचा नकाशाच साक्षीदार म्हणून उभा राहिला. तुमच्या अर्जातही दोन गल्ल्या हव्यात: एक धुराजवळची, एक लांबची.

हवा मोजायला स्वस्त सेन्सर मिळतात. पण दमट हवेत ते आकडा फुगवून दाखवू शकतात, म्हणून आधी काही दिवस ते सरकारी हवामापन केंद्राजवळ ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहू, असे अर्जातच लिहा. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची आपल्या देशातली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ आहे. तुमचा आकडा या दोन्हींशेजारी ठेवा आणि विशेषणे गाळा. ‘भयानक’, ‘जीवघेणे’ हे शब्द लिहायची मग गरजच पडत नाही.

तिसरी गोष्ट अवघड आहे: आपल्या गल्लीतला धूरही लिहा. वायर जाळून तांबे काढणारा भंगारवाला आपला आहे. लाकडावर पाव भाजणाऱ्या कितीतरी बेकऱ्या आपल्या आहेत, आणि त्या भट्टीपुढे बारा बारा तास उभा राहणारा कारागीरही आपलाच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, तेव्हा अनेकांनी याकडे ‘आपल्या धंद्यावर घाला’ म्हणून पाहिले. खर्चाची चिंता खरी आहे. पण त्या कारागिराच्या फुप्फुसाची चिंता कुणी करायची? इथे तर अर्जासाठी तयार विषय होता: भट्टी बदलायचा खर्च किती, तो मालक, बँक आणि अनुदान यांत कसा वाटायचा, आधी आणि नंतर भट्टीजवळची हवा किती बदलली. डम्पिंगचा धूर मोठ्या अक्षरांत आणि बेकरीचा धूर गायब, असा अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतो. आपला धूर आपण लिहिला, तर दुसऱ्याच्या धुराबद्दल बोलताना आवाज दबत नाही.

चौथी गोष्ट, काम आणि परिणाम यांची साखळी. ‘५० शिबिरे, ५,००० लाभार्थी’ हा परिणाम नाही, ती हजेरी आहे. किती भट्ट्या गॅसवर किंवा विजेवर गेल्या, किती रात्री कचरा पेटला नाही, किती मुलांच्या धापेचे प्रसंग कमी झाले, हे परिणाम. आणि फरक पडला नाही तर तेही अहवालात लिहू, असे वाक्य टाका. जाणकार निधी देणारा या एका वाक्यावर थांबतो.

पाचवी गोष्ट, पैसा. आपले अंदाजपत्रक दोन टोकांना झुकते. एक तर सगळे काम ‘सेवाभावाने’, किंवा मग अर्धी रक्कम हॉल, मंडप आणि प्रमुख पाहुण्यांवर. घरोघर फिरून माहिती घेणाऱ्या वस्तीतल्या मुलींना मानधन द्या आणि ते उघड लिहा. समजा सहा जणी, अर्धा दिवस काम, महिना आठ हजार, दहा महिने: ४ लाख ८० हजार. ही रक्कम लपवायची नाही. त्या मुलींच्या पायपिटीवरच अख्खा प्रकल्प उभा असतो. सहीच्या अधिकारातही त्यांना जागा द्या. समितीच्या यादीत अकरा पुरुष आणि सर्वेक्षणाच्या यादीत सहा मुली, असे अर्ज मी पाहिलेत. धूर स्वयंपाकघरातही असतो, हे त्या अकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

सहावी गोष्ट, लोकांची संमती. आजाराची माहिती ही त्या माणसाची अमानत आहे. नावे गाळून नोंदी ठेवा, कशासाठी विचारतोय ते त्याच्या भाषेत सांगा, नाही म्हणायचा हक्क द्या. काम संशोधनाच्या स्वरूपाचे असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी लागते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना सोबत घेतले तर ही वाट सोपी होते.

कागदपत्रांचे रडगाणे मलाही ठाऊक आहे. नोंदणी, लेखापरीक्षण, १२ए, ८०जी, कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१. परदेशी निधीला एफसीआरए लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो पैसा दुसरीकडे वळवणे बंद झाले आहे, त्यामुळे ‘मोठी संस्था घेईल आणि आपल्याला देईल’ हा रस्ता तिथे उरलेला नाही. म्हणून हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. तीन वर्षांचे हिशेब मागितल्यावर तीन वर्षे मागे जाता येत नाही.

टक्केवारीवर अर्ज लिहून देणाऱ्यांपासूनही सावध राहा. त्यांच्या ‘सस्टेनेबल’, ‘होलिस्टिक’, ‘एम्पॉवरमेंट’च्या साच्यात गावाचे नाव बदलले की अर्ज तयार. उद्या अधिकारी वस्तीत आला आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला, तर उत्तर देणारा कुणी नसतो. आधी मराठीत लिहा, हिंदी-उर्दूत लिहा, मोहल्ल्यात वाचून दाखवा. बायकांनी ‘हे असं नाही होत’ म्हटले तिथे बदला. इंग्रजी शेवटी करा.

निधी देणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. इंग्रजीतच अर्ज हवा, फोटोत गर्दी हवी, आणि दोष कुणाचा हे मात्र लिहू नका, असा आग्रह धरणारे आहेत. प्रदूषण करणाऱ्याच्याच पैशातून मास्क वाटायचे आणि अहवाल छापायचा नाही, अशी अट आली तर तो पैसा घेऊ नका. त्या पैशात तुमच्या तोंडाची किंमत धरलेली असते. मोजलेले आकडे वस्तीचे राहतील आणि खुले राहतील, हे वाक्य करारात असलेच पाहिजे.

लिहिलेल्या कागदाने काय होते, असे कुणी विचारले तर गोवंडीकडेच बोट दाखवा. तिथल्या रहिवाशांची संस्था उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने जैववैद्यकीय कचऱ्याचा तो प्रकल्प दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितले. दयेच्या विनंतीने असा आदेश निघत नाही. आणि विजयाच्या आनंदात हेही विसरू नका की खालापूरलाही माणसे राहतात. आपल्या खिडकीतला धूर दुसऱ्याच्या खिडकीत गेला, म्हणजे न्याय पुरा झाला असे नाही. पुढच्या अर्जात गोवंडी आणि खालापूर, दोन्हींची हवा मोजायची मागणी करा.

या आठवड्यात एवढेच करा. आपल्या वस्तीविषयी जुना एखादा अर्ज काढा. त्यात ‘मागास’, ‘अशिक्षित’, ‘बिचारे’ असे शब्द जिथे असतील तिथे लाल रेघ मारा, आणि प्रत्येक रेघेच्या जागी एक गल्ली, एक तारीख आणि एक आकडा भरा. जागा रिकामी राहिली तर वही घेऊन घराबाहेर पडा. तो आकडा वस्तीतच कुठेतरी आहे.