माशाला माशी

गेल्या रविवारी सकाळी बायकोनं विचारलं, "माझी पारदर्शक नेलपॉलिशची बाटली बघितलीस का?"

बघितली होती. माझ्याच टेबलावर होती, अर्धी संपलेली. शेजारी मामांच्या कोंबड्याच्या मानेची पिसं, शेळीचे केस, गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आणि पकडीत घट्ट आवळलेला एक इवलासा गळ. तिनं सगळा पसारा नीट बघितला आणि अगदी शांतपणे विचारलं, "ऑफिसमध्ये सगळं ठीक चाललंय ना?"

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे माशी. म्हणजे मासा पकडायची माशी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडं गळ टाकतात तेव्हा गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, शिशाचं वजन बांधतात, आणि त्या वजनामुळं दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. गळाला पिसं, केस, दोरा गुंडाळून खोटा किडा नाहीतर खोटा छोटा मासा बनवतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून दोरीच जाड आणि जड ठेवलेली असते. चाबकासारखी ती मागं-पुढं खेळवायची, की ती त्या माशीला घेऊन जाते. जमलं तर फार सुंदर दिसतं. नाही जमलं तर गळ स्वतःच्या कानात अडकतो. (अनुभव आहे.)

हे खूळ मला लागलं २०१४ साली, ऑनसाईटला हॅरिसबर्गला होतो तेव्हा. गावाला लागून सस्क्वेहाना नदी वाहते. रुंद, उथळ, सगळीकडं खडक. उन्हाळ्यात माहुलीच्या संगमावर कृष्णा दिसते ना, तिला दहापट रुंद करा, म्हणजे झाली सस्क्वेहाना. तिथला लाडका मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. पितळी रंग, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा. गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारतो आणि हात दुखेपर्यंत भांडतो. टीममधला एक रिटायर व्हायला आलेला सहकारी मला शनिवारी घेऊन जायचा. त्यानंच मला क्लाउझर मिनो बांधायला शिकवलं. ही माशी बॉब क्लाउझर नावाच्या माणसानं १९८०च्या दशकात त्याच नदीसाठी, याच माशासाठी तयार केली. गंमत तिच्या रचनेत आहे. गळाच्या दांडीवर, पुढच्या बाजूला शिशाचे दोन डोळे बांधतात. त्यांच्या वजनानं गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि खडकात अडकत नाही. दोरी ओढली की ती वर येते, सोडली की नाकावर खाली जाते, जखमी माशासारखी. मला तर हे उत्तम डिझाइनचं उदाहरण वाटतं: एक भाग, दोन प्रश्न सुटले.

परत आलो तेव्हा बॅगेत दोन डझन तयार माश्या होत्या. पहिल्याच सुट्टीला सांगलीला गेलो, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथं उभा राहिलो आणि दोन दिवस पाणी झोडपत बसलो. एक मासा नाही.

तिथं एक आप्पा आहेत, आयुष्य नदीत गेलेले. जाळं सोडवत माझी गंमत बघत होते. शेवटी जवळ आले, माझी माशी तळहातावर घेतली, उलटी-पालटी केली.

"ही कुठली म्हनायची?"

"अमेरिकेची, आप्पा."

"मग बरोबर हाय. हितला मासा हिला वळखनार कसा?"

मी हसलो, पण वाक्य डोक्यातून जाईना. आप्पांनी नकळत या छंदाचं पहिलं सूत्र सांगितलं होतं. माशी बांधायची म्हणजे या पाण्यात मासा रोज काय खातो त्याची नक्कल करायची. आणि नक्कल करायची तर अस्सल आधी बघायला लागतं. मी सांगलीत वाढलो. आयर्विन पूल शेकडो वेळा ओलांडला. ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, हे सगळं तोंडपाठ. पण पाण्याच्या आत काय राहतं, हे विचाराल तर ओ की ठो माहीत नव्हतं.

मग दगड उलटायला लागलो. अक्षरशः. मामा सातारा बाजूला राहतात, त्यामुळं वाई ते माहुली या पट्ट्यात जाणं होतं. पावसाळा संपल्यावर, वाहत्या पाण्यातला वाटीएवढा दगड उचलायचा आणि खालची बाजू बघायची. तिथं मे-फ्लायची पिल्लं चिकटलेली असतात, चपटी, शेपटीला बारीक केस. वाळूचे कण चिकटवून स्वतःसाठी घर बांधणारी अळी असते. टाचणी आणि चतुर यांची पिल्लं असतात. आपण पोरं असताना ज्या चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो (आता लाज वाटते), तो आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली काढतो, हे मला चाळिशीच्या तोंडावर कळलं!

तोच प्रयोग सांगलीत केला. दगड उलटला तर खाली काळा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या तांबड्या अळ्या. दुसरा उलटला, तेच. घरी येऊन वाचलं. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तांबड्या. त्यामुळं प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. मे-फ्लायच्या पिल्लांना ते जमत नाही, ती आधी जातात. म्हणजे सातारच्या आणि सांगलीच्या दगडाखाली मला एकाच नदीचे दोन रिपोर्ट मिळाले होते. लॅब नको, यंत्र नको. खाली वाकायची तयारी पाहिजे.

माझं म्हणणं इथंच आहे. तयार माश्या ऑनलाईन मिळतात, स्वस्तही मिळतात. तरी घरी बांधा. पैसे वाचतात म्हणून नाही (वाचत नाहीत, नेलपॉलिश भरून द्यावं लागतं :)), तर विकतची माशी तुम्हाला नदीकडं न बघता मासेमारी करू देते म्हणून. घरची माशी तसं करू देत नाही.

माझी सध्याची आवडती माशी चतुराच्या पिल्लाची. अंग तपकिरी लोकरीचं, पाय कोंबडीच्या पिसाचे, डोळे म्हणून पडद्याच्या साखळीतले दोन मणी, शेवटी गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. हिच्यावर दोन हिवाळ्यांपूर्वी माहुलीच्या वरच्या अंगाला एक खडशी लागली. वीतभरच होती. मोठे सोनेरी खवले, तोंडाला मिशा. इंग्रजीत डेक्कन महसीर. कर्नल साइक्सनं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून तिची शास्त्रीय नोंद केली आणि नाव दिलं 'खुद्री'. ऐकायलाच आपल्या खडशीचं भावंड वाटतं. जगातल्या दर्दी गळवाल्यांचा हा मानाचा मासा, आणि आमच्या नदीत आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. गळ काढला, पाण्यातच धरून ठेवली, शेपूट हलली आणि गेली.

हे मी मोठ्या अभिमानानं आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "खायाचा न्हाई तर वढायचा कशाला? त्येचा जीव जातोय आन् तुमचा खेळ हुतोय."

खरं सांगतो, याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. पकडून सोडलं म्हणजे पुण्य केलं असं मानणारे पुष्कळ भेटतात. तसं नाही. माशाला ताण येतो, काही सोडल्यावर मरतातही. आप्पांच्या जाळ्यामागं पोट आहे, माझ्या काठीमागं हौस आहे. यात वरचढ कोण हे उघड आहे.

पण दुसरी बाजू बघा. २००५ साली सस्क्वेहानात बासची पिल्लं अंगावर फोड येऊन मरायला लागली. पुढची कित्येक वर्षं तिथले गळवाले या नदीला अधिकृतपणे आजारी म्हणा म्हणून सरकारच्या मागं लागले होते. २०११ पासून नदीच्या मोठ्या पट्ट्यात बास पकडला तर सोडलाच पाहिजे असा नियम झाला. मजा म्हणजे बास मुळात त्या नदीचा नाहीच, १९व्या शतकात दुसरीकडून आणून सोडलेला. तरी त्याच्या प्रेमापोटी लोक नदीसाठी भांडले.

आणि आपल्याकडं? २०२३च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. मी त्या वीकेंडला घरी होतो, बघायला गेलो. पुलावर गर्दी. नाकाला रुमाल लावून लोक मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. खाली आप्पा उभे होते. मी शेजारी गेलो तर ते काठीनं एकेक मासा सरकवत नुसती नावं घेत होते. "ही वाम. ह्यो मरळ. ही शिंगाळा. ही कोळशी." त्यातले निम्मे मासे मी तोवर जिवंत बघितलेच नव्हते. आमच्या नदीतल्या माशांची ओळख मला मेलेल्या माशांवरून झाली. वास आला तेव्हा शहर जागं झालं, आणि वास गेल्यावर परत झोपलं. त्या काळ्या गाळातल्या तांबड्या अळ्या मात्र हे आधीपासून सांगत होत्या. विचारणारे कमी पडले.

म्हणून वाटतं, शहरातल्या चार जणांना हा छंद लागावा. मात्र काही पथ्यं पाळून.

पहिलं, जून ते ऑगस्ट गळ घरी. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीचे मासे चवीला कितीही भारी असले तरी ते पुढच्या पिढीचं बियाणं आहे. एप्रिल-मेमध्येही थांबा. गरम पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सावरत नाही.

दुसरं, गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, हात ओले करून मासा धरा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत.

तिसरं, खडशी सोडा, चिलापी खा. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आली आणि आता आपल्या कितीतरी तळ्यांत नि नद्यांत तिचंच राज्य आहे. मामींचं चिलापीचं कालवण खाल्लं की अपराधी वगैरे अजिबात वाटत नाही.

चौथं, कुठलाही मासा प्रेमानंसुद्धा दुसऱ्या नदीत सोडू नका. हीच आपली खडशी हॅचरीत वाढवून कावेरीत सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागं पडत गेला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. चांगल्या हेतूनंही बग येतो, हे आपल्या लाईनमधल्यांना वेगळं सांगायला नको.

पाचवं, विचारून जा. धरणातल्या मासेमारीचे ठेके बहुतेक सहकारी संस्थांकडं असतात, तो त्यांचा धंदा आहे. कोयनेचा शिवसागर अभयारण्यात येतो, तिकडं काठी नेऊच नका. पिसांचंही तसंच. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या ठिपकेदार पिसांसाठी विलायतेतले माश्या बांधणारे जीव टाकायचे, आणि त्यापायी हे पक्षी भरपूर मारले गेले. आता वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मामांचा कोंबडा आहे की, तो झडला की पिसं पाठवतो.

गेल्या महिन्यात आप्पांना माझी चतुराची माशी दाखवली. त्यांनी परत तळहातावर घेतली, उलटी-पालटी केली.

"आता हितली दिसतीया," म्हणाले. मग जरा थांबून, "पर नदीत ऱ्हायल्यात का चतुर?"

सांगलीत फारसे नाहीत, आप्पा. दगड उलटून बघितलेत मी.

असो. नेलपॉलिश आणायला निघालोय. तुमच्या गावच्या नदीतल्या पाच माशांची नावं येतात का बघा. नाही आली तर पुढच्या वीकेंडला एक दगड उलटा.