मेंदूचा खेळ आणि अंगठ्याची पिढी

संगणकावर रोज थोडा वेळ खेळा आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश टाळा, असे सांगणारा बाजार आता मोबाईलमधून संगमेश्वरच्या बौद्धवाड्यांपर्यंत पोहोचला आहे. मुंबईचा चाकरमानी मुलगा गावच्या आईसाठी पैसे भरून असा खेळ घेईलही. त्याची माया खरी, पण मालाचे काय?

अमेरिकेत 'लुमॉसिटी' नावाचे खेळ विकणाऱ्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात २०१६ साली सरकारी व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. म्हणून सगळेच थोतांड का? तसेही नाही. 'अ‍ॅक्टिव्ह' या अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांवरील २,८०२ जण होते. स्मरण, तर्क आणि नजरेने चटकन टिपण्याचा वेग असे तीन सराव वेगवेगळ्या गटांना दिले. २०१७ च्या निष्कर्षानुसार दहा वर्षांनंतर फक्त वेगाच्या, म्हणजे संगणकावरच्या सरावाच्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्के कमी दिसला. पण ते प्रमाणपत्र त्या एका सरावाचे आहे, बाजारातल्या प्रत्येक कोड्याचे नव्हे.

आणि आमच्या आयांचे दुखणे त्याही आधीचे आहे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. लहानपणी शिक्षण न मिळणे हे त्यांतले एक. मूळ घटनेच्या कलम ४५ ने चौदा वर्षांखालील सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी राज्याला दहा वर्षांची मुदत घालून दिली होती. १९६० साली ती सरली, तेव्हा आजच्या पंचाहत्तर-ऐंशीच्या आमच्या आया दुसऱ्याच्या शेतात लावणी करीत होत्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढचे ७.४ टक्के लोक, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आढळले. त्यातही प्रमाण जास्त बायकांत, खेड्यांत आणि अशिक्षितांत. ज्यांना अक्षर नाकारले, त्यांचीच आठवण आधी पुसली जाते! त्यांच्या हातात इंग्रजी सूचनांचा खेळ देऊन व्यवस्था मोकळी होणार काय?

वकिलीत याचे दुसरे टोक दिसते. भ्रमिष्ट झालेल्या म्हातारीचा अंगठा बक्षीसपत्रावर उठतो आणि सातबारा फिरतो. समज नसताना केलेला व्यवहार कायद्यात टिकत नाही, परंतु समज नव्हती हे सिद्ध करायला त्या काळचा डॉक्टरी कागद लागतो. तपासणीच झाली नसेल तर कागद कुठला? आणखी एक. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार हवा असेल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात लिहूनच घ्यावेत.

बहिरेपण, रक्तदाब आणि एकटेपणा हीही त्या १४ मधलीच कारणे. वर्षावासात विहारात प्रवचन चालते, तेव्हा ऐकू न येणारी माणसे मागे भिंतीला टेकून बसतात, पुढे येणेच सोडतात. राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना श्रवणयंत्र आणि चष्मा मोफत मिळतो. गाव शाखांनी यादी करून त्यासाठी अर्ज भरावेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीपुढच्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी मराठीत, तोंडी आणि लेखी नोंदीसह व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा.